नऊ होलांची जागा: बेळगाव, जांबोटी, निपाणी, हिडकल

गोल्फच्या मैदानासाठी जागा पाहण्याचा हा दौरा मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवला, त्याला कारण होते. गोल्फसाठी जमीन दोनदा पाहायची असते. एकदा पाणी सगळ्यात कमी असताना आणि एकदा पाऊस सगळ्यात जास्त असताना. ऑक्टोबरात बेळगाव जिल्ह्यातली कुठलीही जागा हिरवीगार दिसते आणि मालक सांगतो, बोअरला बारमाही पाणी आहे. मेमध्ये तोच मालक टँकरवाल्याचा नंबर देतो.

शोध होता तो छोट्या मैदानाच्या जागेचा. नऊ होल, सगळे पार-तीन. होल म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायची सपाट जागा) ग्रीनवरच्या (अगदी बारीक कापलेले गवत) छिद्रापर्यंतचा एक टप्पा. पार-तीन म्हणजे तो तीन फटक्यांचा: चांगल्या खेळाडूने पहिल्या फटक्यात ग्रीनवर यावे आणि दोन पटात, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत, चेंडू छिद्रात घालावा. अठरा होलांच्या पूर्ण मैदानाला १२० ते १८० एकर लागतात. या भागात तेवढी सलग जमीन म्हणजे शेपन्नास उतारे, भाऊबंदकी आणि मध्येच कुणाची तरी विहीर. छोट्या मैदानाचे गणित वेगळे आहे. होलची सरासरी लांबी ८० मीटर, ग्रीन आणि टी धरून ११०. रुंदी सरासरी ४० मीटर. ९ × ११० × ४० म्हणजे ३९,६०० चौरस मीटर, पावणेदहा एकर. तळे, गाड्या, शेड आणि कुंपणाकडेची पट्टी मिळून १२ ते १४ एकरांत सगळे बसते.

सोमवार, बेळगाव

बेळगावला हा खेळ नवा नाही. छावणीच्या गावांत तो इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि जाधवनगरच्या बाजूचे गोल्फ मैदान शहराला माहीत आहे. बहुतेकांना ते माहीत झाले ऑगस्ट २०२२ मध्ये, बिबट्या त्यात शिरला तेव्हा. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आले, तरी तो काही हाती लागला नाही. गमतीचा भाग सोडला, तरी मोठ्या मैदानात न कापलेली झाडी किती राहते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला माणसे किती लागतात, हे त्या आठवड्यांनी चांगलेच दाखवले. चौदा एकरांत हा प्रश्न येत नाही.

‘अठरा नाहीत म्हणजे गोल्फ नाही’ अशी समजूत अजून आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १७६४ पर्यंत फेरी बावीस होलांची होती, मग ती अठरावर आली. ब्रिटनची ओपन स्पर्धा १८६० मध्ये प्रेस्टविकला सुरू झाली ती बारा होलांच्या मैदानावर. एका दिवसात तीन फेऱ्या मारून छत्तीस पुरे केले. अमेरिकेत ऑगस्टा नॅशनलच्या मोठ्या मैदानाशेजारी १९५८ पासून नऊ होलांचे पार-तीन मैदान आहे, लांबी १,०६० यार्ड, आणि १९६० पासून तिथल्या मास्टर्स स्पर्धेच्या आदल्या दिवशी नावाजलेले खेळाडू तिथे स्पर्धा खेळतात. पाइनहर्स्टला २०१७ मध्ये गिल हॅन्से यांनी आखलेले ‘द क्रेडल’ तर ७८९ यार्डांचेच आहे.

जागा शोधणाऱ्याच्या थेट कामाचा बदल मात्र जानेवारी २०२४ चा. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, आणि रेटिंग म्हणजे मैदान किती अवघड ते सांगणारा. जागतिक हँडिकॅप पद्धतीत नऊ होलांच्या मैदानाला रेटिंग मिळण्यासाठी पूर्वी किमान १,५०० यार्ड लांबी लागे, ती आता ७५० यार्डांवर आली. म्हणजे ६८६ मीटर. एकूण लांबी याच्या थोडी वर ठेवली तर इथे काढलेला स्कोअर हँडिकॅपला धरता येतो आणि मुरलेला खेळाडूही परत येतो. सहाशे मीटरवर थांबले तर तेवढीच जमीन, तेवढाच खर्च, आणि हा गिऱ्हाईक गमावला.

दुपारनंतर उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. फौंड्री आणि मशीनशॉपचे हे गाव गोल्फवाल्याला फार उपयोगी आहे, पण ते कुणी लक्षात घेत नाही. छिद्रात बसवायचा कप बाहेरून मागवायची गरज नाही, अॅल्युमिनियमचा ओतून घेता येतो. मापे पक्की सांगायची: छिद्राचा व्यास १०८ मिलिमीटर, खोली किमान १०१.६, कपाचा बाहेरचा व्यास १०८ च्या वर जाता कामा नये आणि त्याची वरची कड मातीखाली किमान २५.४ मिलिमीटर बसली पाहिजे. कड वर राहिली तर कापणी यंत्राचे पाते तिच्यावर आपटते.

पात्याचेच सांगायचे तर ग्रीनला साधे फिरत्या पात्याचे लॉनमोव्हर चालत नाही. त्याला रिळाचे यंत्र लागते, अकरा पात्यांचे, साधारण २१-२२ इंच रुंदीचे. रीळ आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात वर्तमानपत्राचा कपटा धरून रीळ हाताने फिरवायचे. पूर्ण रुंदीभर कागद स्वच्छ कापला गेला तर यंत्र ठीक. एका टोकाला कापतो आणि दुसऱ्याला दुमडतो, तर रीळ निमुळते झाले आहे. ते ग्राइंडिंगला काढायचे. उद्यमबागेमुळे हे काम गावातच होते. रिळाची यंत्रे धूळ खात पडतात ती बहुतेक ग्राइंडिंगची सोय नसलेल्या गावांत.

एक मोह मात्र इथेच तोडायचा. फौंड्रीची वापरलेली वाळू स्वस्त मिळते आणि दिसायला बारीक, एकसारखी असते. तिच्यात साच्यासाठी मिसळलेले बेंटोनाइट असते. ही माती पाणी लागले की फुगते आणि निचरा बंद पाडते. ग्रीनखाली ही वाळू कधीच नको, रस्त्याच्या भरावापुरती ठीक.

मंगळवार आणि बुधवार, खानापूर-जांबोटी

बेळगावातून पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरला की दहा-बारा किलोमीटरांत मातीचा रंग बदलतो. तांबडी माती, खाली जांभा, काजूच्या बागा, मधूनच भाताची खाचरे. हाच रस्ता पुढे कणकुंबी-चोर्ला घाटातून गोव्याला जातो. विक्रीच्या दृष्टीने तर शनिवार-रविवारची ही वाहती गाड्यांची रांग म्हणजे आयते गिऱ्हाईक.

जमिनीत तीन ठिकाणी खड्डे घेतले: चढावर, मध्यावर, सखल कोपऱ्यात. एक फूट लांब-रुंद, एक फूट खोल. आधी पाण्याने भरून जिरू द्यायचा, मग पुन्हा भरून तासात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचे. पहिल्या भरणीचा आकडा धरायचा नाही, कोरडी माती सुरुवातीला घटाघट पिते. चढावरच्या खड्ड्यात पाणी झपाट्याने उतरले. सखल कोपऱ्यात सात-आठ इंचांवर जांभ्याचा कातळ लागला आणि पाणी तिथेच बसले. तिथे ग्रीन नको, तळे हवे.

मंगळवारी चारच्या सुमाराला वळीव आला. जागा पाहणाऱ्याला याहून चांगला नकाशा कुणी देत नाही. पाऊस पडत असताना छत्री धरून उभे राहायचे आणि पाणी कुठून वाहते तिथे चुन्याची खूण करायची. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने कुठे साचून आहे तिथे काठी रोवायची. खूण केलेल्या ओघळीत टी किंवा ग्रीन ठेवले तर पहिल्याच जुलैत वाळू खालच्या खाचरात जाते. बाजूच्या शेतातले काका म्हणाले, “आषाढात हितं या की, गुडघ्याएवढा पाय आत जातोय बगा.” पाहणीच्या अहवालात हे वाक्य तसेच घातले.

या मातीत आम्लता जास्त असते. प्रयोगशाळेतून सामू तपासून चुनखडी किंवा डोलोमाइट किती टाकायचे ते ठरते. अंदाजाने पोती ओतू नयेत. जांभा मात्र फुकटचा माल. टीच्या कडेला दोन-तीन थर चिऱ्यांची भिंत घातली की चढावर सपाटी मिळते आणि माती धुपत नाही. कातळ फोडून उंची बदलायच्या नादाला लागू नये. ब्रेकरचे तास मोजता मोजता दोन ग्रीनचे पैसे जातात. आहे त्या चढउतारावर होल बसवायचे, कारण छोट्या मैदानात खेळाची गंमत तिथेच असते: सत्तर मीटरचा होल बारा मीटर उतारावर असेल तर खेळाडू तीनदा विचार करतो.

बंकर, म्हणजे अडथळा म्हणून ठेवलेले वाळूचे खड्डे, या पट्ट्यात शक्य तेवढे टाळावेत. मुसळधार पावसात कडेची तांबडी माती वाळूत उतरते आणि दोन आठवड्यांत बंकरचा वीटभट्टीचा खड्डा होतो. त्याऐवजी गवताचे खोलगट खळगे, अर्धा ते एक मीटर खोल, तळाशी निचऱ्याचा पाइप. तेवढ्याने फटका अवघड होतो आणि फावडे घेऊन फिरणारा माणूस वाचतो.

बुधवारी खुंट्या मारल्या. लांबी अशी निघाली: ६२, ८८, ५४, १०५, ७१, ९६, ४८, ११८, ७६ मीटर. बेरीज ७१८ मीटर, म्हणजे ७८५ यार्ड. रेटिंगच्या मर्यादेच्या वर पस्तीस यार्ड हाताशी राहतात. मोजणीत किंवा एखादी टी पुढे सरकवण्यात ते जातातच. पुढच्या टी ३० ते ४० टक्क्यांनी जवळ ठेवल्या. त्यांवरून मर्यादा पुरी होत नाही, पण तिथून खेळणाऱ्याला हँडिकॅपची चिंताही नसते.

आखणी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवली. बहुतेक नवखे खेळाडू उजव्या हाताचे आणि त्यांचा चेंडू उजवीकडे वळतो. काट्याच्या दिशेने फिरल्यास रस्ता व कुंपण सतत डावीकडे राहते आणि भरकटलेला चेंडू मैदानातच पडतो. उलट फिरवले तर तो जाणाऱ्या गाडीच्या काचेवर. प्रत्येक टीपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा अंशांचा पंखा सुरक्षिततेसाठी धरतात. १०५ मीटरवर तो एका बाजूला २८ मीटर होतो. शेजारचे होल उलट दिशांना ठेवले की एकाच्या पंख्याच्या निमुळत्या टोकाशेजारी दुसऱ्याचा रुंद भाग येतो आणि जागा वाचते. पण अशा वेळी एका टीवरचा माणूस शेजारच्या ग्रीनच्या बाजूला उभा असतो, म्हणून मधे काजूची एक दाट ओळ ठेवली. असलेली झाडे तोडून नंतर जाळी लावणारे लोकही पाहण्यात आहेत.

पहिला होल पूर्वेला नको, शेवटचा पश्चिमेला नको. सूर्य डोळ्यांवर येतो. सर्वांत लांब होल आठवा ठेवला. पार-तीनमध्ये चौघांचा गट होल मोकळा करीपर्यंत मागचा गट टीवर ताटकळतो, त्यामुळे अवघड होल सुरुवातीला आला की पहाटे साडेसहालाच रांग लागते.

टी लहान ठेवणे ही छोट्या मैदानांची नेहमीची चूक. इथे प्रत्येक होलवर पहिला फटका लोखंडी क्लबनेच (गोल्फच्या काठीनेच) बसतो आणि प्रत्येक फटक्याला गवताची ढपली निघते. ठोकताळा असा: पार-तीनच्या टीला वर्षाच्या दर हजार फेऱ्यांमागे २०० चौरस फूट. वर्षाला दहा हजार फेऱ्या धरल्या तर २,००० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ २०० चौरस मीटर. कागदावर ५० चौरस मीटरची देखणी टी काढणाऱ्याला तिसऱ्या महिन्यात मातीचा पट्टा मिळतो.

गव्यांचा विषय राहिलाच. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, आणि रान लागून असलेल्या जमिनीत गवा येणारच. ओल्या ग्रीनवर त्याचा एक खूर बुजवायला अर्धा तास जातो आणि कळप आला की तो दिवस गेला. सौर कुंपण लागते. त्याआधी वनखात्याची हद्द मोजून घ्यायची. हद्दीचा दगड मालक दाखवतो तिथेच असेल असे नाही.

गुरुवार, निपाणी-चिक्कोडी

महामार्गाने संकेश्वर, पुढे निपाणी. तंबाखू आणि ऊस. जमीन काळी, खोल, आणि गोल्फसाठी अडचणीची. काळी माती भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. या हालचालीने निचऱ्याचे पाइप सांध्यांतून सुटतात आणि ग्रीनचा उतार दोन वर्षांत बदलतो. मातीची बाटली-चाचणी इथे डोळे उघडते: एका पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा दोन तासांत. इथल्या बाटलीत दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ होते.

तरीही निपाणी-चिक्कोडी सोडून देण्यासारखे नाही. पाऊस खानापूरपेक्षा पुष्कळ कमी, कोल्हापूर जवळ, रस्ता उत्तम. मार्ग एकच, जमिनीत न उतरता जमिनीवर बांधायचे. ग्रीनच्या जागी आधी १५० ते २०० मिलिमीटर मुरूम दाबून घ्यायचा, मग जिओटेक्स्टाइलचे कापड, त्यावर ग्रीनचे थर. बाकी पृष्ठभागाला किमान तीन टक्के उतार, म्हणजे पाणी आत न मुरता वरून निघून जाईल.

थरांचे सांगतो, कारण पैसा इथेच जातो आणि इथेच वाचवायला लोक पाहतात. सर्वांत खाली १५० मिलिमीटर रुंद, २०० खोल चरांत १०० मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप. दोन पाइपांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, उतार किमान अर्धा टक्का. त्यावर १०० मिलिमीटर खडी. त्यावर ३०० मिलिमीटर वाळूचे मिश्रण. ३५० चौरस मीटरच्या एका ग्रीनला १०५ घनमीटर वाळू, म्हणजे ३७ ब्रास. खडी सव्वाबारा ते साडेबारा ब्रास. नऊ ग्रीनची वाळू ३३४ ब्रास, दाबून बसण्याचे पंधरा टक्के धरून ३८४. चार ब्रासच्या टिप्परच्या शहाण्णव खेपा. गावातला दहा फुटी रस्ता त्यात फुटतो. ग्रामपंचायतीशी बोलणे आधीच व्हावे.

वाळूचा ३०० मिलिमीटरचा थर सगळीकडे सारखा हवा. यामागचे कारण ठेकेदाराला समजावून सांगितल्याशिवाय तो ऐकत नाही. बारीक वाळूतले पाणी खालच्या मोठ्या खडीत लगेच उतरत नाही. केशाकर्षणाने ते वाळूच्या तळाशी धरून राहते आणि वजन पुरेसे झाले की मगच सुटते. म्हणून थर २०० झाला तिथे गवताची मुळे पाण्यात, ४०० झाला तिथे कोरडी. ग्रीनवर ओले आणि करपलेले पट्टे दिसतात आणि दोष औषधाला दिला जातो. खूण केलेली पहार दर तीन मीटरवर ठोकून पाहणे एवढाच उपाय.

नदीची वाळू आता मिळेनाशी झाली, त्यामुळे क्रशरची वाळू. तिच्यात भुकटी फार. चाळणीसाठी परदेशी प्रयोगशाळा नको. इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात काँक्रीटच्या वाळूसाठी असलेल्या चाळण्या चालतात. बहुतेक वाळू १.१८ मिलिमीटरची चाळणी ओलांडून ३०० मायक्रॉनवर अडली पाहिजे. १५० मायक्रॉनमधून खाली जाणारा सगळा माल दहा टक्क्यांच्या आत. जास्त निघाला तर वाळू धुऊन घ्यायची. सेंद्रिय भाग आकारमानाने पंधरा टक्के. साखर कारखान्यांची प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेला गाळ) इथे ढिगाने असते, पण ताजी गरम असते आणि क्षारही जास्त. पूर्ण कुजलेलीच वापरावी. नाहीतर कोकोपीट, दोनदा धुतलेले.

उसाच्या पट्ट्यातला खरा शत्रू हुमणी. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे बाहेर येऊन संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर बसतात, जमिनीत अंडी घालतात, आणि जुलै ते सप्टेंबर अळ्या मुळे खातात. गवत हाताने ओढले की गालिच्यासारखे उचलून येते. तपासायला एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापून उलटवायचा. पाच-सहापेक्षा जास्त अळ्या असतील तर उपाय लगेच. मेमध्ये प्रकाश सापळे, पावसाळ्याच्या तोंडावर मेटारायझियम बुरशी, हे ऊसवाल्यांना पाठ आहे, त्यांच्याकडूनच शिकावे. दुर्लक्ष केले तर दुसरा पाहुणा येतो. रानडुक्कर या अळ्यांसाठीच ग्रीन उकरते, आणि शेजारच्या उसात त्याला लपायला जागा असतेच.

शुक्रवार, हिडकल

घटप्रभेवरचे हे ५१ टीएमसीचे धरण, आणि त्याच्या काठाच्या जागांचे फोटो मोबाइलवर सगळ्यात जास्त फिरतात. मेमध्ये पाणी पार आत गेलेले, मधे गाळाची रुंद पट्टी. मालक जिला ‘काठ’ म्हणतो ती पट्टी सप्टेंबरात पाण्याखाली असते आणि ती सरकारची असते. पाणी उचलायला कर्नाटक नीरावरी निगमची परवानगी लागते. वारा मोकळा, एकही झाड नाही. नव्वद मीटरच्या होलला दुपारी दोन क्लबचा फरक पडेल, म्हणजे वाऱ्यामुळे दोन नंबर पुढचा-मागचा क्लब घ्यावा लागेल. मुरलेल्या खेळाडूला ते आवडेल, घरच्या मंडळींना नाही.

पाण्याचे गणित सगळ्या जागांना सारखेच आहे. ग्रीन ९ × ३५०, टी ९ × २००, ग्रीनभोवतीचा भाग ९ × ५०० चौरस मीटर, एकूण ९,४५०. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर ४७,२५० लिटर. फेब्रुवारी ते मे १२० दिवसांचे सुमारे ५७ लाख लिटर. ५५ × ५५ मीटर, तीन मीटर खोल, दीडास एक उताराच्या बाजूंचे शेततळे भरले की ७६ लाख लिटर होतात. रोजच्या पाच मिलिमीटर बाष्पीभवनात त्यातले १८ लाख उडतात, उरलेले जेमतेम पुरतात. खाली प्लास्टिकचा कागद न घालता जांभ्यात तळे खोदणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे. होलांमधला बाकी भाग पावसावर सोडायचा. तो मेमध्ये पिवळा पडतो, पडू द्यावा. तुलनेसाठी, अठरा होलांचे २५ हेक्टर भिजवायला रोज साडेबारा लाख लिटर लागतील.

गोकाकचा धबधबा या दिवसांत कोरडा. तिथली मिठाई करदंट घेऊन परत.

शनिवार, पुन्हा बेळगाव

सकाळ कागदपत्रांत. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, पण बिगरशेती परवानगी लागतेच. उतारे कन्नडमध्ये असतात. सर्व्हे नंबर, गुंठे आणि वाटण्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्याव्यात. फलकांवर साठ टक्के कन्नड हवे, हा २०२४ पासूनचा कायदा. फलक रंगवायला देण्याआधी आराखड्यात ते माप धरावे, म्हणजे मराठी मजकुराला जागा किती उरते ते आधीच कळते.

दुपारी विक्रीचा विचार. छोटे मैदान ‘छोटे’ म्हणून विकले की ते दुय्यम ठरते. विकायची गोष्ट आहे वेळ. नऊ होल सव्वा ते दीड तासात होतात. सकाळी साडेसहाला सुरू करून माणूस नऊच्या आत कारखान्यात पोहोचतो. उद्यमबागेतले कारखानदार, डॉक्टर, कॅम्पातले अधिकारी यांना ‘८५ मिनिटांत नऊ होल, जांबोटी रोड’ एवढे पुरते. गोव्याला जाणाऱ्या कुटुंबाला वेगळे सांगावे लागते: क्लब इथेच मिळतील, बूट साधे चालतील, मुलांना चालेल. नवखा माणूस अडतो तो पोशाख आणि साहित्याच्या भीतीने. त्याला तीन क्लब द्यायचे, सात नंबरचे लोखंडी, वेज (जवळून चेंडू उंच उडवायला) आणि पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायला). चोवीस संच ठेवले तर सहा मुलांचे आणि तीन डावखुऱ्यांचे हवेत. डावखुऱ्यांचे संच विसरले की चौघांतला एक बाकावर बसतो आणि उरलेले तिघे पुढच्या वेळी येत नाहीत.

गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत. सात मिनिटांवर बुकिंग घेतले तर कागदावर उत्पन्न वाढते, पण आठव्या होलवर तीन गट जमतात आणि ८५ मिनिटांची जाहिरात खोटी पडते. दहा मिनिटांनी तासाला सहा गट, चोवीस माणसे. सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन तास मिळून १२० ही कमाल. हिशेब साठ टक्क्यांवर करावा, आणि तोही कोरड्या महिन्यांतल्या शनिवार-रविवारचा.

आजीव सभासदत्व विकून बांधकामाचा पैसा उभा करायची युक्ती कुणीतरी सुचवतोच. पैसा एकदाच येतो, गवत दररोज कापावे लागते. दहा फेऱ्यांचा पास बरा, हस्तांतर करता येणारा. एकाचा पास मित्राच्या हातात गेला की नवा गिऱ्हाईक फुकटात येतो. शाळांना आठवड्यातल्या रिकाम्या दुपारी द्याव्यात. लग्नाच्या लॉनसाठी विचारणा होणार, आणि एका हंगामाचे भाडे वर्षाच्या फेऱ्यांपेक्षा जास्त दिसेल. गाड्यांच्या बाजूची जागा द्या, ग्रीनच्या पन्नास मीटरमध्ये मांडवाचा खांब नको. सांडलेले खारट पाणी आणि टाचांची भोके यांतून गवत सावरेपर्यंत महिने जातात.

पावसाळ्याचा दर वेगळा ठेवावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीन पाच-सहा मिलिमीटरच्या खाली कापू नयेत. हराळीच्या जातींना ऊन हवे; ढगाळ महिन्यांत खोल कापणी झाली की पात्यावर डाग येतात आणि बुरशी पसरते. चेंडू हळू पळतो म्हणून तक्रार येईल, ती ऐकून घ्यावी आणि यंत्राच्या स्क्रूला हात लावू नये.

उद्घाटनाची तारीख हा शेवटचा वाद. जांबोटीसारख्या पावसाच्या जागी हराळीच्या कांड्या सप्टेंबरअखेर लावाव्यात, म्हणजे धो-धो पावसात वाहून जाणार नाहीत. थंडीत वाढ मंदावते, मार्चमध्ये ती पुन्हा धरते. खेळायला मैदान एप्रिलमध्ये तयार. मालकांना ते दिवाळीत हवे असते, पाहुणे बोलवायला. सहा आठवड्यांच्या गवतावर दोनशे माणसे चालली तर पाहुण्यांना फोटो मिळतात आणि मालकाला नऊही ग्रीन पुन्हा लावावे लागतात. दिवाळीत चहापाणी शेडमध्ये करावे आणि होलांच्या कडेला दोर बांधावेत.